वेटिंगवाली

मला ही नोकरी लागली ती एका भिंतीमुळे. मी तेव्हा गाडी शिकवायचो आणि मोठ्या बाई माझ्याकडे शिकायला यायच्या. एका सकाळी वळणावर त्यांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी सरळ एका शाळेच्या कंपाउंडकडे निघाली. शिकवणाऱ्याच्या बाजूला वेगळा ब्रेक असतो, तो मी दाबला. भिंत वीतभर राहिली होती. मी म्हणालो, "बरं झालं, इथे थांबायचंच होतं. आता रिव्हर्स शिकूया." बाईंनी पाण्याची बाटली काढली. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर, तुम्हाला राग येत नाही का हो?"

"येतो की. पण घरी पोचल्यावर येतो."

बाई तेव्हा हसल्या, आणि लायसन्स मिळाल्यावर पेढ्याऐवजी नोकरी घेऊन आल्या. गावाच्या टोकाला त्यांचं एक केंद्र होतं, तिथे सगळे त्यांना 'मोठ्या बाई' म्हणायचे. घरातून पळालेली, चोरीत सापडलेली, शाळेला आग लावायला निघालेली, कुणी ठेवून घ्यायला तयार नाही अशी पोरं-पोरी कोर्ट त्यांच्याकडे पाठवायचं. सगळी तेरा ते सतरा वयातली. त्यांना शाळेत, कोर्टात, दवाखान्यात, नातेवाइकांच्या भेटीला न्यायचं-आणायचं आणि वाटेत त्यांच्याबरोबर माणसासारखं वागायचं, असं ते काम. पदाचं नाव होतं 'सोबती'. बाई म्हणाल्या, "ड्रायव्हर मला कुठेही मिळेल. मला न ओरडणारा माणूस हवाय."

मी पन्नाशी ओलांडलेली. उभं आयुष्य लोकांना क्लच सोडायला शिकवण्यात गेलेलं. बायकोचं औषधांचं दुकान आहे आणि ते माझ्यापेक्षा जास्त चालतं. ती म्हणाली, "दुसऱ्यांची वाया गेलेली पोरं सांभाळायला तुम्हीच राहिला होतात का?" लेक मात्र म्हणाली, "जा बाबा. त्या गाडीत बसून बसून तुम्ही सीटकव्हर झालायत."

गेलो. आणि खोटं कशाला बोलू, पहिल्याच आठवड्यात मला कळलं की मी इतकी वर्षं चुकीच्या ठिकाणी बसलो होतो.

एक गोष्ट मला आधीपासून माहीत होती, ती त्या कामात सोन्यासारखी उपयोगी पडली. माणूस समोरासमोर बसला की बोलत नाही. शेजारी बसवा, दोघांची नजर रस्त्यावर ठेवा, मग तो बोलतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांनी मला घटस्फोट सांगितलेत, कर्करोग सांगितलेत, एका गृहस्थांनी तर दुसरा संसार सांगितला, तोही तिसऱ्या गिअरमध्ये. पोरांचंही तेच. मोठ्या बाईंच्या खोलीत खुर्चीवर बसवलं की तोंडाला कुलूप, आणि गाडीत बसली की दुसऱ्या सिग्नलला सुरुवात. मी फार काही करायचो नाही. गाडी हळू चालवायचो, एवढंच.

केंद्राचा एक नियम होता. रुजू होताना त्याच्या कागदावर सही केली होती. मुलांनी सांगितलेलं बाहेर न्यायचं नाही, घरी तर मुळीच नाही. तो मी इतका कडक पाळला की बायको वैतागली. रोज संध्याकाळी विचारायची, "काय झालं आज?" आणि मी रोज म्हणायचो, "बरा गेला दिवस." शेवटी म्हणाली, "नवरा आहे का पोस्टाची पेटी? टाकलेलं बाहेर म्हणून येत नाही." मला त्याचा अभिमान वाटायचा. आता तो आठवला की तोंड लपवावंसं वाटतं.

केंद्रात एक मुलगी होती. पंधरा वर्षांची. पोरं तिला 'सायलेंट' म्हणायची, फोनच्या सायलेंटवरून. आईवडील नव्हते. काकाच्या घरून ती पुन्हा पुन्हा पळायची, पोलीस पुन्हा पुन्हा आणून सोडायचे, आणि का पळतेस विचारलं की ती भिंतीकडे बघायची. तिचे दात किडले होते, म्हणून दर आठवड्याला मी तिला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डेंटिस्टकडे न्यायचो. जाताना शांतता, येताना शांतता. मी हवापाण्यावर बोललो, विनोद सांगितले, गाणीही म्हटली. गाण्यांच्या वेळी तिने काच खाली केली, तेवढाच काय तो प्रतिसाद.

कोर्टाची तारीख जवळ आली. मोठ्या बाई मला व्हरांड्यात म्हणाल्या, "मास्तर, तिने काही सांगितलंच नाही तर कोर्ट तिला काकाकडेच पाठवणार. रक्ताचं नातं आहे, घर आहे, तक्रार कुणाचीच नाही. ते तरी काय करतील?" त्या एवढंच बोलल्या. पण मला पुढच्या खेपेला स्टिअरिंग धरवेना. शेजारी ती हुडीत तोंड खुपसून बसलेली. पुलाच्या अलीकडचा सिग्नल लाल झाला आणि माझ्या तोंडून निघालं, "माझी मुलगी कॉलेजात जायची बंद झाली होती. घरात कुणाला माहीतच नव्हतं."

आता ते काय होतं ते सांगायला हवं. हे लिहू का, असं या वेळी लेकीला विचारलं. "लिहा की, आता काय राहिलंय," म्हणाली. ही परवानगी होती की टोमणा, ते मला कळलेलं नाही.

लेकीने औषधशास्त्र शिकावं अशी तिच्या आईची फार इच्छा. दुकान आहे, नाव आहे, पोरगी गल्ल्यावर बसेल. लेकीने प्रवेश घेतला आणि थोड्याच दिवसांत तिला कळलं की हे आपल्याला झेपत नाही. आईला सांगायची हिंमत झाली नाही. मग ती रोज सकाळी बॅग घेऊन, डबा घेऊन, आईला टाटा करून निघायची आणि मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या वेटिंग हॉलमध्ये जाऊन बसायची. तिथे दिवसभर बसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही. प्रत्येकाला वाटतं, ही कुणाची तरी वाट बघतेय. दुपारी डबा खायची, संध्याकाळी घरी यायची, आणि आई विचारायची "आज काय शिकवलं?" तर काहीतरी सांगायची. सगळं वर्ष असं काढलं पोरीने.

हे तिने मला सांगितलं तेही गाडीतच, मी तिला गाडी शिकवत असताना. सांगून झाल्यावर म्हणाली, "बाबा, आईला कधीच नाही. कुणालाच नाही. शपथ घ्या." मी शपथ घेतली. मग आम्ही बापलेकींनी मिळून आईला पटवलं की त्या कॉलेजची प्रयोगशाळा भिकार आहे, आणि लेक चष्म्याची भिंगं बनवायच्या कोर्सला गेली. आता तिथे ती खूश आहे. आई अजून अधूनमधून त्या प्रयोगशाळेला नावं ठेवते.

तर हे सगळं मी सायलेंटला सांगितलं. सिग्नल सुटला, पूल संपला, डेंटिस्टची गल्ली आली. मी मनात म्हटलं, घ्या, हेही वाया गेलं. गाडी लावली, चावी काढली, तेव्हा हुडीतून आवाज आला, "खुर्च्या कसल्या होत्या तिथे?"

"लोखंडी. एकमेकींना जोडलेल्या."

"मग झोपता येत नाही," ती म्हणाली. "मधे दांडे असतात."

येताना ती बोलली. पूल, सिग्नल, बाजार, सगळा रस्ता बोलली. केंद्राचं फाटक आलं तरी थांबेना, म्हणून मी फाटकावरून पुढे गेलो आणि गावाला आणखी एक फेरी मारली. तिने काय सांगितलं ते मी इथे सांगणार नाही, कागदावर माझी सही आहे. एवढं सांगतो की ते मोठ्या बाईंपर्यंत पोचलं, तिच्या संमतीने कोर्टापर्यंत पोचलं, आणि तिला काकाकडे पाठवलं नाही.

त्या दिवशी मी हवेत होतो. गरज नसताना गाडी धुतली. मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे मास्तरांचं काम." घरी जिना चढताना शीळ घालत होतो. दार लेकीने उघडलं. "आज काय, लॉटरी?" असं म्हणून तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. शीळ तिथेच थांबली. मी चप्पल काढायला खाली वाकलो आणि उगाच बराच वेळ वाकून राहिलो.

मनाची समजूत घालायला मी हुशार आहे. एकदाच तर सांगितलं. नाव कुठे सांगितलं? एका पोरीचा जन्म वाचला. लेकीला कळलं असतं तर तिनेच म्हटलं असतं, सांगा बाबा. हे शेवटचं मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलं की ते तिनेच म्हटलंय असं वाटायला लागलं.

मग दुसरा मुलगा आला. गाड्यांचे आरसे फोडणारा. तोही गप्प. त्यालाही सांगितलं. मग एक आली, जी खोटं सोडून काही बोलायचीच नाही, तिला तर ही गोष्ट मापाच्या बुटासारखी बसली. दर वेळी चालली. आणि चालणारी गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडात सुधारत जाते, तशी तीही सुधारली. मी त्यात हॉलमधला एक रखवालदार घातला, जो तिला रोज ओळखीचं हसायचा. असा रखवालदार कधी नव्हता. मी स्वतःच्या तोंडी एक भाषणही घातलं. लेकीने सगळं सांगितल्यावर मी म्हणे तिला म्हणालो, "तू एकटी बसली होतीस याचं मला वाईट वाटतं, खोटं बोललीस याचं नाही. यापुढे बसायचं असेल तर मला बोलव, मी शेजारी बसेन." प्रत्यक्षात मी म्हणालो होतो, "गिअर बदल, मागचे हॉर्न देतायत."

पोरांनी तिचं नाव ठेवलं 'वेटिंगवाली'. जेवणाच्या टेबलावर तिच्याबद्दल मालिकेतल्या नायिकेसारखं बोलणं चालायचं. "मास्तर, वेटिंगवालीला कुणी पकडलं कसं नाही?" "मास्तर, वेटिंगवालीचं लग्न ठरलं का?" एकदा दोघांचं भांडण झालं, तर तिसरा म्हणाला, "जा, वेटिंग हॉलमध्ये जाऊन बस जरा." सगळे हसले. मीही हसलो. हसताना मला माझ्या पोरीचा डबा दिसत होता, मांडीवर ठेवलेला, आणि तरी मी हसलो.

मोठ्या बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. एक दिवस म्हणाल्या, "मास्तर, ही तुमच्या खऱ्या मुलीची गोष्ट आहे ना? तिला विचारलंय?"

खरं सांगायची ती वेळ होती. बाई रागावल्या नसत्या. "मग आता विचारा, आणि तोवर थांबवा," एवढंच म्हणाल्या असत्या. पण विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं, आणि कबूल केल्यावर पोरगी नाही म्हणाली तर? मग मी त्या पोरांना काय सांगणार होतो, क्लच कसा सोडायचा ते?

"हो तर," मी म्हणालो. "तिची काही हरकत नाही. उलट अभिमान आहे तिला."

"गुणी आहे पोरगी," बाई म्हणाल्या.

घरी लेक माझ्याशी जास्तच चांगली वागायला लागली होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट. नोकरीमुळे मी बदललो होतो, ते तिला दिसत होतं. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसायची. एकदा म्हणाली, "पूर्वी तुम्ही घरी यायचात आणि नुसते टीव्हीकडे बघायचात. आता विचारता, ऐकता. त्या पोरांचं नशीब चांगलं आहे." मग म्हणाली, "माझंही होतं म्हणा. मी त्या वेळी तुम्हाला सांगितलं नसतं तर काय केलं असतं कोण जाणे." मी म्हटलं, "डोकं दुखतंय जरा," आणि आत जाऊन पडलो. तिने मागोमाग गोळी आणून दिली. ती मला गिळवेना.

वर्षातून एकदा केंद्रात भेटीचा दिवस असतो. काम करणाऱ्यांच्या घरची माणसं येतात, मुलं त्यांना सगळं दाखवतात. मोठ्या बाईंचं म्हणणं, मुलांना कळू दे की आपल्याला सांभाळणारी माणसंही कुणाची तरी आहेत. मी घरी सांगितलंच नाही. पण बाई औषधं आणायला बायकोच्या दुकानात गेल्या आणि निमंत्रण देऊन आल्या. मी किती कारणं काढली! उन्हाचा त्रास होईल, पोरं दंगा करतात, बसायला जागा नाही. बायको म्हणाली, "मी दुकान बंद ठेवतेय. तुम्ही तिथे नेमकं काय करता ते एकदा बघूच द्या."

लेक तर केव्हाची तयार. "कधीचं बघायचंय मला. तुम्ही काही सांगत नाही ना."

आदल्या दिवशी मी पोरांना एकेकाला गाठून सांगू शकलो असतो, की तिच्यासमोर हे नाव काढू नका. पण मग त्यांनी विचारलं असतं, का? आणि ती पोरं असली खोटी कारणं लांबून ओळखतात. शेवटी मी ठरवलं, लेकीजवळून हलायचंच नाही. सावलीसारखं मागे मागे राहायचं.

दिवस छान गेला, म्हणजे त्यांचा. पोरांनी सूप केलं होतं, पाव भाजले होते, दुरुस्त केलेल्या सायकली ओळीने लावल्या होत्या. मागच्या वाफ्यात टोमॅटो लागले होते. तिथे बायकोला कीड दिसली, आणि आरसे फोडणाऱ्या मुलाला ती कसलं पाणी किती फवारायचं ते शिकवायला लागली. तो तिला उलट प्रश्न विचारत होता. मला वाटलं, निभावलं. जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच स्वयंपाकघराच्या दारातून मोठ्या बाई आल्या, आणि त्यांच्यामागे सायलेंट. केस नीट विंचरलेले, हुडी नाही.

ती थेट माझ्या लेकीसमोर उभी राहिली. "तू वेटिंगवाली ना?"

लेकीला काही कळलं नाही. हसून म्हणाली, "कोण?"

"हॉस्पिटलवाली. डबा घेऊन बसायचीस ती."

मोठ्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "हिला तुला भेटायचंच होतं. बाबा म्हणाले तुझी हरकत नाही, म्हणून म्हटलं बोलू दे दोघींना."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. रागाने बघितलं असतं तर मी सहन केलं असतं. तिने आधी नुसतं पाहिलं, माझं काही ऐकण्यात चुकतंय का, असं. मग तिने मान वळवून वाफ्याकडे पाहिलं, आई किती लांब आहे ते बघायला. आई लांब होती. मग ती पुन्हा त्या मुलीकडे वळली आणि म्हणाली, "हो. मीच ती."

"तुझ्यामुळे मी बोलले," सायलेंट म्हणाली. "नाहीतर मला परत पाठवणार होते." आणि एकदम धीर करून विचारलं, "तुझे बाबा खरंच तसं म्हणाले होते का गं? तू एकटी बसलीस याचं वाईट वाटतं, खोटं बोललीस याचं नाही. पुन्हा बसायचं असेल तर मी शेजारी बसेन. खरंच?"

मी जमिनीकडे बघत होतो. पाव भाजल्याचा वास येत होता, कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं.

"हो," माझी मुलगी म्हणाली. "अगदी असंच म्हणाले."

सायलेंटचा चेहरा उजळला. लेकीने तिला विचारलं, "दात कसे आहेत आता?" म्हणजे ती बोलता बोलता सगळं जुळवत होती. उशीर का झाला म्हणून विचारल्यावर एकदा एवढंच माझ्या तोंडून गेलं होतं, की एका न बोलणाऱ्या मुलीला डेंटिस्टकडे नेलं होतं. दोघी तिथल्या बाकावर जाऊन बसल्या आणि बराच वेळ बोलत राहिल्या. मला जवळ जायचा धीर झाला नाही.

घरी जाताना बायको भलतीच खूश. सगळा रस्ता बोलत होती. टोमॅटो, सूप, तो मुलगा किती हुशार आहे, त्याला दुकानात मदतीला घेतलं तर चालेल का. "आणि ती कोण हो, हिच्याशी एवढं काय बोलत होती?" मी म्हटलं, "असंच." मागून लेक म्हणाली, "भिंगांबद्दल विचारत होती."

घरी आल्यावर बायको चहा टाकायला गेली. लेक माझ्या खोलीत आली, दार लोटलं, आणि उभीच राहिली.

"किती जणांना?"

"बऱ्याच."

"मोठ्या बाईंना सांगितलंत, माझी हरकत नाही?"

"हो."

"त्या मुलांचं एक अक्षर तुम्ही घरी सांगत नाही, बाबा. आई किती चिडवते तुम्हाला. मी तिला म्हणायचे, अगं, ते शब्दाचे पक्के आहेत, म्हणून तर मुलं त्यांना सांगतात." तिचा आवाज चढला नव्हता. "त्यांच्यासाठी सही केली होतीत म्हणून का? मीही तुमच्याकडून सही करून घ्यायला हवी होती."

"अगं, तिला परत पाठवणार होते," मी म्हणालो. "दुसरं काही चालत नव्हतं गं."

"माहितीये. सांगितलं तिने मला." ती खाली बघत होती. "एक विचारू? खरं सांगाल? माझं सांगितलं नसतं तर ती बोलली असती?"

"नाही."

"मग पुन्हा तशी वेळ आली तर?"

या प्रश्नाला उत्तर एकच होतं, तिला हवं असलेलं. 'नाही, पोरी, पुन्हा कधीच नाही.' तोंडापर्यंत आलं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर सायलेंट आली, आणि कालच आलेला एक नवा मुलगा आला. तो जेवत नाही, बोलत नाही, नखं रक्त येईतो कुरतडतो, आणि सोमवारी त्याला मला गाडीतून न्यायचं आहे. मी गप्प राहिलो. फार नाही, पण पुरेसा वेळ.

"वाटलंच," ती म्हणाली.

"मला माफ कर."

"करेन बहुतेक," ती म्हणाली. "त्या मुलीला बघितल्यावर फार रागावताही येत नाही मला. तेही तुम्ही माझ्यासाठी ठेवलं नाहीत." मग डोळे पुसले आणि म्हणाली, "आता आईला सांगते. तिला बाहेरून कुणाकडून कळायला नको."

"मी येऊ?"

"नको. तुम्ही आलात तर तुम्हीच सांगाल."

ती स्वयंपाकघरात गेली. मी खोल्यांमधल्या बोळात येऊन उभा राहिलो. दार अर्धं उघडं होतं. आधी कपांचा आवाज, मग बायकोचं "काय झालं गं, रडतेस का?" आणि मग लेक सांगायला लागली. माझ्या गोष्टीत नसलेलं सगळं त्यात होतं. रखवालदार नव्हता, भाषण नव्हतं. ती हळू हळू बोलत होती, अडखळत, मधे मधे थांबत, आणि मला पहिल्यांदा कळलं की मला त्या वर्षाबद्दल काहीच माहीत नाही. तिने मला चार ओळी सांगितल्या होत्या आणि त्यावरच मी इतके दिवस दुकान चालवलं होतं.

मग तिने एक वाक्य म्हटलं. त्या हॉलमध्ये बसून ती आईबद्दल काय विचार करायची, त्याचं. ते मी इथे सांगणार नाही. ते ऐकून बायकोने हातातलं खाली ठेवलं, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी इतक्या वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता.

आणि माझ्या मनात काय आलं, तेवढं मात्र सांगतो. मनात आलं, हे त्या नव्या मुलाला सांगितलं तर तो सोमवारीच बोलेल.

मी बोळातून मागे फिरलो. आत लेक पुढे बोलतच होती. मी कान झाकले, बाहेरचं दार उघडलं, आणि पायांत काही न घालता जिने उतरून रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिलो, जिथे तिचा शब्द पोचणार नव्हता. वर खिडकीत दोघी दिसत होत्या. बायकोने तिला जवळ घेतलं होतं आणि लेक अजून सांगत होती. काय, ते मला माहीत नाही.